शंभर बरे झालेले रोगी

सूछिनताई पावणेसहाला उठत असे. चुलीतली अर्धी जळालेली कोळशाची वडी लाल असेपर्यंतच तिच्यावर नवी वडी ठेवावी लागते, आणि दोन्ही वड्यांची भोके एका रेषेत आली नाहीत तर घरभर धूर होतो. म्हणून ती चिमटा हातात धरून, एक डोळा मिटून, सुईत दोरा ओवावा तशी ती भोके जुळवी. मग आदल्या संध्याकाळी भिजत घातलेले औषध मातीच्या भांड्यात ओतून ते चुलीवर चढवी. तीन वाट्यांची एक वाटी व्हायला पाऊण तास लागे. तेवढ्यात भाताची पेज होई, मुरवलेला मुळा चिरला जाई, आणि शाळेच्या कर्ण्यावर कवायतीचे संगीत सुरू झाले की मी जेवायला बसे. काढा गाळून झाला की ताई एक पांढरी कागदी पुडी उघडी, तिच्यातली पूड वाटीत टाकून काडीने ढवळी आणि एका दमात पिऊन टाकी. शेवटी भांड्यातला चोथा घेऊन ती चौकात जाई, रस्त्याच्या मधोमध तो पालथा करी आणि मागे वळून न पाहता परत येई. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांना लागून आजार घराबाहेर निघून जातो, अशी आमच्याकडची समजूत आहे. ज्याच्या पायाला तो लागतो त्याचे पुढे काय होते, हे मी लहानपणी आईला विचारले होते. उत्तरादाखल पाठीत धपाटा मिळाला होता.

त्या वसंतात आमच्या चौकात रोज चोथ्याचे सात-आठ ढीग पडू लागले. सायकली घसरू लागल्या. कारण आमच्या छिंगशी गावात पांग रुईथांग नावाचा वैद्य आला होता.

जुन्या रेशन दुकानाची जागा त्याने भाड्याने घेतली होती. पहिल्या बसने डोंगरातली माणसे उतरत. कुणी पाठीवरच्या टोपलीत म्हातारीला बसवून आणलेले, कुणी काठीवर, कुणी नुसतेच कुतूहलाने. आतल्या भिंती लाल रेशमी पताकांनी भरून गेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत कुणा ना कुणा कृतज्ञ रोग्याने त्याला ‘देववैद्य’ म्हटले होते. पांग पन्नाशीचा, तुळतुळीत गालांचा आणि लांब बोटांचा होता. त्याच्या टेबलावर मनगट ठेवायला एक निळी उशी असे.

“बोलायचं नाही, मावशी,” तो डोळे मिटून म्हणे. “तोंड खोटं बोलतं. नाडी बोलत नाही.” मग तीन बोटे मनगटावर, आणि सगळ्या दालनात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. “यकृत रागावलंय. मूत्रपिंड रुसलंय. आणि या दोघांच्या भांडणात मार खातायत बिचारे गुडघे.”

“अगं बाई! कसं हो ओळखलंत?”

“थांबा. आणखी एक आहे. घरातलंच कुणीतरी तुमच्या मनाला लागेल असं बोललंय.”

बाईला हुंदका फुटे. “सून!” ती म्हणे, आणि रांगेतल्या बायका माना डोलावत.

पन्नाशी उलटलेल्या बाईचे गुडघे दुखतात आणि तिला घरातले कुणीतरी लागेलसे बोललेले असते, हे सांगायला नाडी कशाला हवी? एवढे तर आमचा पोस्टमन सायकलवरून न उतरता सांगेल.

पण हे मी घरी बोलू शकत नव्हतो. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर तिने रेशीम कारखान्यात उकळत्या पाण्यात बोटे घालून कोशांतल्या धाग्यांची टोके शोधली आणि मला विद्यापीठापर्यंत शिकवले. वीस वर्षांनी त्या बोटांनी सूड उगवला. सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे वाकडे झाले. सकाळी वाटी धरता येईना, दाराची कडी निघेना. जिल्ह्याच्या इस्पितळातल्या गोळ्यांनी पोट बिघडले आणि दुखणे मात्र जागच्या जागी राहिले.

पांगचे औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी तिने मला हलवून उठवले.

“बोहंग, ऊठ. बघ.”

तिने उजवा हात माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि हळूहळू मूठ मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. त्या दिवशी तिने कणीक तिंबून शेवया ओढल्या, आणि मी, शाळेतल्या भाषेच्या शिक्षकाने, शब्द शोधायचे सोडून दोन वाट्या खाल्ल्या. पुढच्या महिन्याभरात तिने कारखान्यातल्या अकरा जुन्या मैत्रिणींना हाताला धरधरून पांगकडे नेले. ताईला भूक लागू लागली. गाल भरले. “सूछिनचं तोंड बघा,” शेजारी म्हणत, “पुनवेचा चंद्र!” ती हसे, आणि मीही हसे.

म्हणूनच पांगने मला बोलावून घेतले तेव्हा मी नाही म्हणू शकलो नाही.

“यान गुरुजी,” तो म्हणाला, “रोगी बरे करणं हे माझं काम. त्यांना अक्षरांत ठेवणं तुमचं. जुने थोर वैद्य मागं काय ठेवून गेले? घरं नाही, जमिनी नाही. रोग्यांचे वृत्तांत! मलाही एक ग्रंथ करायचाय. शंभर असाध्य रोगी, शंभर वृत्तांत. आणि शंभरावा कोण, माहितीय? तुमची ताई. प्रकाशनाच्या दिवशी ती लोकांसमोर शेवटची वाटी पिईल आणि औषध कायमचं बंद. बरी झालेली बाई औषध कशाला घेईल?”

त्याने नोंदवही माझ्या हाती दिली. मी शाळा सुटल्यावर ती घेऊन बसू लागलो. नाडी ताणलेल्या तारेसारखी, जिभेवर पिवळा थर, अमुक मुळी इतकी, तमुक साल तितकी. कच्चा माल चांगला होता, आणि जुन्या वैद्यांच्या वृत्तांतांची ती आखीव, तुटक भाषा मला मनापासून आवडते. पण शेवटच्या रकान्यात मी अडखळू लागलो. सतरावा रोगी असा होता: “छ्याओ, सुतार, वय ४८, श्याओवान गाव. कंबर व सांधे. पाच महिने औषध. नंतर आला नाही. बरा.” अठरावी नोंद: “नंतर आली नाही. बरी.” एकोणिसावी तशीच. विसावीही.

“वैद्यबुवा,” मी विचारले, “नंतर आला नाही, एवढ्यावरून बरा कसा म्हणायचा?”

रांग ऐकत होती. पांग रांगेकडे वळला. “गुरुजी विचारतायत, न येणारा बरा कसा! अहो गुरुजी, पोट भरलेला माणूस पुन्हा खाणावळीत येतो का?”

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. उपाशी मेलेलाही पुन्हा खाणावळीत येत नाही, हे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. ते मला श्याओवानमध्ये मिळाले.

तिथे मी संशयाने गेलो नव्हतो. सुताराचा वृत्तांत जरा जिवंत व्हावा, त्याने बरे झाल्यावर पहिली कोणती खुर्ची केली ते कळावे, एवढाच लेखकाचा लोभ होता. अंगणात एक बाई लाल मिरच्या निवडत बसली होती.

“छ्याओ सुतार घरी आहेत का?”

“आहेत की,” ती वर न बघता म्हणाली. “वर टेकडीवर, अक्रोडाच्या झाडाखाली. हाक मारून बघा, ओ देतात का.”

मी स्टूल ओढून बसलो. मी विचारले, “पांग वैद्यांच्या औषधानं गुण आला नव्हता?”

“आला की! पाच महिने घोड्यागत काम करत होता. तोंड असं गोल झालेलं. लोक म्हणायचे, सुतार रोज डुकराचं मटण हाणतोय. मग वैद्य म्हणाले, झालास बरा, आता औषध बंद. केलं बंद. तिसऱ्या दिवशी अंथरूण धरलं. उलट्या काय, चक्कर काय. उभा केला की पडायचा. नवव्या दिवशी गेला.”

“वैद्यांना कळवलं नाहीत?”

तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. “काय म्हणून कळवायचं? त्यांनी बरा केला होता, मास्तर. मेला तो दुसऱ्याच कशानंतरी. एवढ्या भल्या माणसाच्या दारात जाऊन रडायचं म्हणजे, चार लोकांत त्यांची मान खाली नसती का गेली?”

आमच्या माणसांचा हा स्वभाव मला ठाऊक होता. त्याचा अर्थ मात्र त्या अंगणात कळला. औषध लागू पडले नाही तर आम्ही वैद्याला तसे सांगत नाही. त्याची अब्रू जपतो, आणि गुपचूप दुसऱ्याकडे जातो. गुण आला तर मात्र पताका शिवून, झांजा वाजवीत त्याच्या दारी जातो. वैद्याच्या कानावर फक्त झांजा पडतात. सज्जन वैद्य हे ओळखून असतो आणि स्वतः चौकशी करतो. पांगसारखा माणूस याच चालीरीतीवर दुकान थाटतो. आम्ही त्याच्या अब्रूची काळजी घेतो, आणि ती काळजी तो ‘बरा’ म्हणून वहीत मांडतो.

पुढच्या दोन रविवारी मी वहीतल्या चौदा नावांचा माग काढला. सुतारासकट तिघे वारले होते. पाच जण दुखणे वाढून शहरातल्या इस्पितळात गेले होते. तिघे पूर्वीसारखेच कण्हत होते. दोन नावांची माणसे त्या गावांत कुणी ऐकलीही नव्हती. एक धनगर तेवढा ठणठणीत होता.

“तुम्हाला पांगांचं औषध चांगलंच मानवलं,” मी त्याला म्हणालो.

“छे! जिभेला लावलं तर वांती व्हायला आली. बकरीला घातलं.”

“आणि बकरी?”

“तीही बरी आहे,” तो म्हणाला. “तिचंही लिहा ग्रंथात.”

तरीही माझ्यापुढचे कोडे सुटले नव्हते. चौदाही वृत्तांत खोटे निघाले म्हणून माझ्या ताईची मूठ खोटी ठरत नव्हती. ती तर मी रोज पाहत होतो. जिथे औषधाने खरोखर गुण आला होता, तिथेच माणूस मेला होता, हे त्याहून विचित्र होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना चौकात लू आजोबा उकिडवे बसलेले दिसले. औषधांच्या सरकारी दुकानात त्यांची पन्नास वर्षे गेली होती. हातात काडी घेऊन ते चोथ्याचे ढीग उकरत होते आणि कुणाला तरी शिव्या देत होते.

“या मास्तर, या,” ते म्हणाले. “हा तुमच्या ताईचा. सांधे, बरोबर? हा पलीकडच्या शिंप्याचा. त्याचं पोट. हा बस ड्रायव्हरच्या बायकोचा, तिचा दमा. ही चौथी झोप न येणारी. आता बघा. ज्येष्ठमध. संत्र्याची साल. सुंठ. लाल बोरं. दालचिनीच्या काड्या. इथं तेच. इथं तेच. इथंही तेच!”

“पण चिठ्ठ्या तर प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. मी त्या उतरवून घेतो.”

“चिठ्ठीवर काय, वाघाची मिशीसुद्धा लिहिता येते. पुडक्यात हे असतं. हे औषध नाही हो, सूप आहे! कोंबडी तेवढी घालायची राहिली.” म्हातारा काडी टाकून उठला. “मी पन्नास वर्षं तराजूचा काटा धरला, मास्तर. गुंजभर औषध जास्त गेलं तर माणूस जातो म्हणून श्वास रोखून धरला. आणि हा भामटा आमच्या धंद्याला काळं फासतोय. या चोथ्यानं तुमच्या ताईची बोटं वळणार? माझी तरी वळतील का?”

“मग वळली कशानं?”

लू आजोबांनी डोळे बारीक केले. “आणखी काय घेते ती?”

मी पुडीबद्दल सांगितले. पांग तिला ‘वाटाड्या’ म्हणे. तळ्याच्या मोत्यांची आणि बर्फातल्या कमळाची पूड, जी औषधाला रोगाच्या घराची वाट दाखवते. दुपारी मी एक पुडी आणून दिली. आजोबांनी नखावर कणभर घेऊन जिभेला लावली आणि लगेच थुंकले.

“कडू जहर. मोत्याला चव नसते. ही कुठल्याही मुळीची, पाल्याची चीज नाही. ही गोळी कुटलीय कुणीतरी. शिन डॉक्टरांकडे न्या.”

डॉक्टर शिन आमच्याच शाळेच्या विद्यार्थिनी, आता जिल्हा इस्पितळात. त्यांनी पुडी बाजूला ठेवली आणि मलाच प्रश्न विचारले.

“ताईंचा चेहरा गोल झालाय का?”

“हो.”

“भूक वाढलीय? हातावर नुसता धक्का लागला तरी निळे डाग पडतात?”

“पडतात. तुम्ही तर नाडीही पाहिली नाहीत!”

“याला नाडी लागत नाही, सर. बहुतेक प्रेडनिसोन आहे, म्हणजे स्टेरॉइड. आमच्याच कपाटातलं औषध. त्यानं सूज तीन-चार दिवसांत उतरते, माणूस नाचू लागतो. पण आम्ही ते मोजून देतो. रक्तातली साखर बघतो, रक्तदाब बघतो. आणि बंद करताना तर फार सांभाळतो.” त्यांनी टेबलावरचा पेला पालथा घातला. “अशाच गुणाचा एक रस आपलं शरीर स्वतः तयार करतं. तो बाहेरून येऊ लागला की शरीर आपला कारखाना बंद करून बसतं. महिनोन्‌महिने बंद. मग एके दिवशी बाहेरचा पुरवठा तोडला, तर आतला कारखाना दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. माणूस उलट्या करतो, चक्कर येऊन पडतो, आणि वेळेवर कुणाला कळलं नाही तर मरतो.”

मला मिरच्यांचे अंगण दिसू लागले. “तिसऱ्या दिवशी अंथरूण. नवव्या दिवशी गेला,” मी म्हणालो.

“कोण?”

“सतरावा वृत्तांत,” मी म्हणालो. “आणि शंभरावी माझी बहीण आहे. येत्या शनिवारी ती बरी व्हायची आहे.”

पुडी शहरातल्या औषध तपासणी प्रयोगशाळेत गेली. गुरुवारी अहवाल आला. प्रेडनिसोन, आणि सोबत एक वेदनाशामक. मोती नाही. कमळ नाही.

तो कागद मी ताईपुढे ठेवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“तुझ्या कागदापेक्षा माझी बोटं मला जास्त सांगतात.”

“ताई, बोटं खरी आहेत. वैद्य खोटा आहे.”

“चार वर्षं तुझ्या इस्पितळानं मला काय दिलं? पोटदुखी! या माणसानं मला हात दिले. आणि तू म्हणतोस, हे विष आहे.”

“विष नाही. पण शनिवारपासून बंद करू नकोस. एवढंच ऐक.”

“वा! भोंदूचं औषध म्हणतोस, आणि पीत राहा म्हणतोस? अरे, एकदा काय ते ठरव. वैद्य म्हणतात बंद कर, तर मी बंद करणार. बरी झालेय मी.”

आयुष्यात प्रथमच मी तिच्याशी मोठ्या आवाजात बोललो, आणि प्रथमच तिने माझ्यासमोर दार लावून घेतले.

शनिवारी सकाळी रेशन दुकानाच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर लाल कापड, कापडावर ग्रंथाची बांधलेली प्रत, शेजारी खुर्चीवर ताई, आणि तिच्या हातात शेवटची वाटी. कारखान्यातल्या अकराही जणी पहिल्या रांगेत होत्या. पांगने पाव तास भाषण केले. तो म्हणाला, मी कोण, मी तर निमित्तमात्र. रोग स्वतःच माझ्याकडे येऊन सांगतात की वैद्यबुवा, आम्हाला आता जाऊ द्या. टाळ्या पडल्या. मग त्याने मला दोन-चार वृत्तांत वाचायला सांगितले. मी उभा राहिलो, आणि त्याच आखीव, तुटक भाषेत वाचू लागलो.

“सतरावा. छ्याओ, सुतार, वय अठ्ठेचाळीस. कंबर व सांधे. पाच महिने औषध. गुण आला. वैद्यांनी बरा म्हणून औषध बंद केले. तिसऱ्या दिवशी उलट्या. नवव्या दिवशी मृत्यू. म्हणून नंतर आला नाही.”

कुणीतरी खोकले. मी पान उलटले.

“अठरावी. आता शहरातल्या इस्पितळात. म्हणून नंतर आली नाही. एकोणिसावा. या नावाचा माणूस त्या गावात नाही. म्हणून नंतर आला नाही.”

“गुरुजी!” पांग हसत उठला. “ग्रंथ वाचा, मनातलं नको. मित्रांनो, विद्वान माणूस आहे, रात्री जागून जागून डोकं तापलंय. आणि ज्याचं आयुष्यच सरलं त्याला कुणाचं औषध वाचवणार? मृत्यूपुढं कुणाचं चालतं का?”

“बरोबर!” मागून एक आवाज आला.

“मग त्याला बऱ्या झालेल्यांत कशाला घातलात?” हा आवाज लू आजोबांचा होता. ते दोघांच्या मदतीने मंचावर चढले आणि त्यांनी सात बशा टेबलावर मांडल्या. “देववैद्य, हे सात घरांचे चोथे. आज सकाळचे, चौकातले. ज्यांचे आहेत ती माणसं इथं बसलीत. यातला दमा कोणता, पोट कोणतं, गुडघे कोणते, तेवढं दाखवा. मनगटावरून यकृताचा राग कळतो तुम्हाला, आपलं स्वतःचं औषध तर कळेलच.”

पांग बशांवर वाकला. त्याची लांब बोटे एका बशीवरून दुसऱ्या बशीवर फिरली. “उकळल्यावर मुळ्या सारख्याच दिसतात,” तो म्हणाला.

“ज्याला ओळखता येत नाहीत त्याला!” म्हातारा गरजला. “सातही बशांत तेच पाच जिन्नस. शिंपीदादा, तुमच्या पोटाला आणि हिच्या दम्याला एकच सूप!”

शिंपी उठून उभा राहिला. “अहो, मला तर त्यांनी सांगितलं होतं की माझ्यासाठी खास तिबेटहून...”

“संत्र्याची साल!” कुणीतरी म्हणाले, आणि दालनात पहिल्यांदा पांगला हसणारे हसू उमटले.

मग डॉक्टर शिन यांनी अहवाल वाचला, पुडीत काय आहे ते शांतपणे सांगितले, आणि त्याबरोबर हसू थांबले. एका बाईने कमरेच्या पिशवीतून पुड्या काढून जमिनीवर फेकल्या. दुसरीने फेकल्या. पाहता पाहता पांढऱ्या पुड्या पायांखाली येऊ लागल्या.

“फेकू नका!” डॉक्टर ओरडल्या. “उचला त्या! एकदम बंद करू नका, जीव जाईल! इस्पितळात या, आम्ही हळूहळू कमी करू!”

“म्हणजे हा लबाड, आणि याची पूड खरी?” एक म्हातारा वैतागून म्हणाला.

“पूड खरी आहे म्हणूनच तर याची लबाडी चालली, आजोबा. ती त्यानं बनवलेली नाही. ती काय आहे ते फक्त लपवलं.”

लोक गोंधळले. अर्धे पांगकडे पाहत होते, अर्धे ताईकडे. ती हातातल्या वाटीकडे पाहत बसली होती. मग तिने ती वाटी पिऊन टाकली, नेहमीसारखी, एका दमात, आणि रिकामी वाटी पांगपुढे ठेवली.

“वैद्यबुवा, उद्याची पुडी द्या.”

“सूछिनबाई, तुम्ही तर बऱ्या झालात. तुम्हाला आता...”

“सुतारालाही असंच म्हणाला होतात?”

पांग मागच्या दाराकडे पाहू लागला.

“त्याची पुडी तोडलीत, आणि नवव्या दिवशी तो गेला,” ताई म्हणाली. “मला द्या. नाहीतर या सगळ्यांसमोर सांगा, की पुडी बंद केल्यावर माणसाला काय होतं, ते तुम्हाला माहीत नव्हतं.”

माहीत होते म्हणावे तर तो खुनी ठरत होता. माहीत नव्हते म्हणावे तर वैद्य ठरत नव्हता. नाडीतून सासवा-सुना ओळखणारा तो माणूस त्या एका साध्या प्रश्नापुढे घाम पुसू लागला. आत जाऊन येतो म्हणाला, आणि मागच्या दाराने गेला. सोमवारी दुकानाला सील लागले. पुढच्या वसंतात कळले की दोन जिल्हे पलीकडे तो दुसऱ्या नावाने बसला आहे, आणि तिथल्या भिंतींवर पताका आहेत. त्याच्यासारख्यांचे हे असेच असते. म्हणून केवळ त्याला हाकलून भागत नाही.

वाचकहो, कुणी तुम्हाला शंभर बरे झालेले रोगी दाखवले तर अवश्य पाहा. पण मग विचारा की एकूण आले किती होते, आणि जे परत आले नाहीत ते आज कुठे आहेत. कुणी विचारणारे नसेल तर तुम्ही स्वतः बस पकडून जा. औषधात काय आहे, असे विचारल्याने ज्याची अब्रू जाते, त्याच्या हातून औषध घेऊ नका. मग तो मुळ्या विकत असो की गोळ्या. जो खरा असतो तो हा प्रश्न आधी स्वतःलाच विचारतो. आमचे लू आजोबा पन्नास वर्षे काट्यासमोर श्वास रोखून तेच करत होते. हे कळायला विद्यापीठात जावे लागत नाही. माझी ताई चौथीपर्यंत शिकलेली आहे.

त्या प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती नेहमीच्या वेळी उठली. मला वाटले, ती रडेल किंवा माझ्यावर चिडेल. तिने दालनातून उचलून आणलेली एक पुडी पाण्यातून घेतली, पेज केली, आणि मी जेवत असताना म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, कमी करत जाऊ तशी बोटं पुन्हा सुजतील.”

“हो. पण या वेळी दुसरं औषधही देतील. थोडा तरी...”

“सुजतील, एवढं कळलं मला. बाकीचं राहू दे.” तिने आपल्या मुठीकडे पाहिले, ती एकदा उघडली आणि मिटली. “मी एकटी असते तर कदाचित पुड्या शोधत त्याच्या मागं गेले असते. तुला खोटं कशाला सांगू? हात परत मिळाले होते मला. पण अकरा जणींना मी नेलंय तिथं. त्यातल्या निम्म्या काल घाबरून पुड्या फेकून गेल्या. त्या डॉक्टरांचं ऐकणार नाहीत. तुझं तर नाहीच. तू मास्तर आहेस.”

“मी येतो बरोबर.”

“नको. तू आलास की त्यांना लाज वाटेल.”

ती कारखान्याच्या चाळीकडे निघून गेली. कुणाच्या दारी तिने काय सांगितले, हे मला कधी कळले नाही. एकीने म्हणे तिच्या तोंडावर दार आपटले, आणि ताई पायरीवर बसून राहिली, दार उघडेपर्यंत.

सोमवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी इस्पितळात गेलो. बाहेरच्या बाकावर बारा बायका ओळीने बसल्या होत्या. बाराही चेहरे गोल होते. डॉक्टर शिन एकेकीला आत बोलावत होत्या. ताईने स्वतःचा नंबर सगळ्यांत शेवटी लावला होता.